पाटीवर ‘मानसोपचारतज्ज्ञ’, आत कोण? खान्देशात निदान कोणाकडून करून घ्यायचं

धुळ्यात किंवा जळगावात एखाद्या मेडिकलवाल्याला विचारा, इथं जवळपास मानसोपचारतज्ज्ञ कोण आहे? तो दोन-तीन नावं सांगेल. त्यातला एक एम.डी. झालेला डॉक्टर निघेल, दुसरा मानसशास्त्रात पीएच.डी. केलेला प्राध्यापक आणि तिसरा सहा महिन्यांचा समुपदेशनाचा कोर्स केलेला गृहस्थ. तिघांच्या पाटीवर शब्द मात्र एकच. हा घोळ त्या शब्दातच आहे. ‘मानसोपचार’ म्हणजे गोळीने केलेला उपचार की बोलून केलेला, हे त्यातून कळत नाही. मनाच्या आजारांचा डॉक्टर म्हणायचं असेल तर नेमका शब्द ‘मनोविकारतज्ज्ञ’, आणि बोलताना सरळ सायकियाट्रिस्ट.

म्हणून पाटीवरचं मोठं अक्षर सोडा आणि खालची बारीक ओळ वाचा. तिथे पदवी आणि नोंदणी क्रमांक असतो. नसेल, तर तेवढ्यावरूनही बरंच कळतं.

खालची ओळ कशी वाचायची

एम.बी.बी.एस. आणि त्यापुढे एम.डी. (सायकियाट्री), डी.एन.बी. (सायकियाट्री) किंवा डी.पी.एम. असेल तर तो मनोविकारतज्ज्ञ. एम.डी. तीन वर्षांची, डी.पी.एम. ही दोन वर्षांची पदविका. जुन्या डॉक्टरांच्या पाटीवर डी.पी.एम. बऱ्याचदा दिसतं, त्यात कमीपणा नाही. नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची. कौन्सिलच्या वेबसाइटवर नाव किंवा क्रमांक टाकला की नोंद दिसते. हा डॉक्टर निदान करतो, औषध लिहितो, रक्त तपासायला सांगतो, भरती करून घेतो.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा डॉक्टर नसतो, पण साधा एम.ए. झालेलाही नसतो. मानसशास्त्रातल्या पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षं पूर्णवेळ, रुग्णांसोबत देखरेखीखाली काम करून मिळवलेली एम.फिल. (क्लिनिकल सायकॉलॉजी) ही आजवरची ओळखीची पदवी. एम.फिल. आता मागे पडतेय आणि तिच्या जागी नवे अभ्यासक्रम आलेत, त्यामुळे पदवीच्या नावापेक्षा नोंदणी पाहणं बरं. नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आर.सी.आय.ची. तिला सी.आर.आर. क्रमांक म्हणतात. इथे एक फसगत होते. हाच क्रमांक विशेष शिक्षकाला, ऑडिओलॉजिस्टला, पुनर्वसन मानसशास्त्रज्ञालाही मिळतो. तेव्हा क्रमांक आहे एवढ्यावर थांबू नका. नोंदीत व्यवसायाच्या रकान्यात ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ लिहिलंय का आणि नोंदणीची मुदत चालू आहे का, दोन्ही पाहा.

हा माणूस चाचण्या घेतो, मूल्यमापन करतो, आपल्या प्रशिक्षणाच्या कक्षेत निदानही करतो आणि बोलण्यातून उपचार करतो. गोळी लिहू शकत नाही. लिहून देत असेल तर उठून बाहेर या.

एम.ए. मानसशास्त्र ही विद्यापीठाची चांगली पदवी आहे. खान्देशातल्या कॉलेजांतून ती दरवर्षी अनेकजण घेतात. पण ती घेतली म्हणून आजाराचं निदान करण्याचा अधिकार मिळत नाही. तो माणूस शिकवू शकतो, शाळेत समुपदेशक होऊ शकतो, तुमचं नीट ऐकून घेऊन वाट दाखवू शकतो. ‘तुम्हाला बायपोलर आहे’, म्हणजे उदासी आणि अति उत्साह आलटून-पालटून येणारा आजार आहे, हे मात्र त्याने सांगायचं नाही. पीएच.डी. झाल्यावर नावामागे ‘डॉ.’ लागतं, म्हणून तो औषधाचा डॉक्टर होत नाही. केळीच्या रोगांवर पीएच.डी. केलेलाही डॉक्टरच असतो.

सायकियाट्रिक सोशल वर्कर घरची परिस्थिती, योजना, पुनर्वसन ही बाजू सांभाळतो. सरकारी दवाखान्यात भेटला तर त्याला सोडू नका, कोणता कागद कुठे मिळतो हे बहुतेक वेळा त्यालाच ठाऊक असतं. आयुर्वेदात मानसरोग किंवा होमिओपॅथीत सायकियाट्री या विषयात एम.डी. केलेल्यांनाही २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आरोग्य व्यावसायिक मानलंय. न्यूरोलॉजिस्ट हा वेगळा: फिट, लकवा, कंपवात, डोक्यातल्या नसांचं दुखणं. ‘मेंदूचा डॉक्टर’ म्हणून उदासीचा पेशंट त्याच्याकडे आणि फिटचा पेशंट मनोविकारतज्ज्ञाकडे, अशी उलटापालट रोज होते.

लाईफ कोच, माइंड ट्रेनर, हिप्नोथेरपिस्ट यांच्यासाठी कसलीही सक्तीची नोंदणी नाही. बोटांचे ठसे घेऊन पोराची बुद्धी आणि करिअर सांगणारी डी.एम.आय.टी. नावाची चाचणी शाळा-क्लासमधून विकली जाते. तिला शास्त्रीय आधार नाही. ते पैसे वह्या-पुस्तकांना लावा.

निदानाला डॉक्टर का लागतो

मनाच्या आजाराचं निदान म्हणजे लक्षणं मोजून नाव देणं, एवढंच असतं तर मोबाइलवरची प्रश्नावली पुरली असती. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी बऱ्याच ठिकाणी भरून घेतात. एकूण गुण ० ते २७, आणि १० किंवा जास्त आले तर पुढे तपासणी करावी, एवढाच तिचा अर्थ. ती चाळणी आहे. चाळणीत काय उरलं ते हातात घेऊन बघावं लागतं.

एक बाई सांगते, “जीव घाबरस, माले झोप लागत नही, कशातच मन लागत नही.” हे नैराश्य असू शकतं. थायरॉइड बिघडलं तरी असंच होतं. हिमोग्लोबिन किंवा बी-१२ कमी असलं तरी माणूस थकलेला आणि चिडचिडा होतो. म्हणून पहिल्या भेटीत मनोविकारतज्ज्ञ टी.एस.एच. (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन, साखर, कधी बी-१२ लिहून देतो. ‘मनाचा डॉक्टर आणि रक्त कशाला तपासतो’ म्हणून लोक ती चिठ्ठी खिशातच ठेवतात. थायरॉइडचं कारण असेल तर ते वर्षभर समुपदेशनानेही हलणार नाही.

आता उलट बाजू. सत्तरीतला माणूस दोन दिवसांत एकदम बडबडायला लागतो, रात्री ‘घरात माणसं शिरली’ म्हणतो आणि सकाळी जरा बरा असतो. घरच्यांना वाटतं वेड लागलं किंवा बाहेरचं झालं. अशा अचानक सुरू झालेल्या गोंधळामागे बहुतेकदा शरीरातलं कारण असतं: लघवीचं इन्फेक्शन, सोडियम उतरणं, ताप, नवीन सुरू केलेली गोळी. त्याची जागा आधी फिजिशियनकडे.

दारूचंही तसंच. रोज पिणारा माणूस लग्नासाठी, नवसासाठी किंवा घरच्यांच्या शपथेने एकदम बंद करतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, फिट येते, भिंतीवर किडे दिसायला लागतात. हे ४८ ते ७२ तासांच्या आसपास जोर धरतं आणि जिवावर बेतू शकतं. मोहाची असो की देशी, अशा वेळी भगताकडेही नको आणि समुपदेशकाकडेही नको, सरळ दवाखान्यात भरती. सलाइनसोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, देताहेत ना हे विचारायला संकोच करू नका.

कपाशीवर फवारणी करून आलेला माणूस घामाघूम झाला, तोंडाला लाळ सुटली, असंबद्ध बोलायला लागला, तर तो विषबाधेचा पेशंट समजा. कपडे काढा, अंग साबण-पाण्याने धुवा, १०८ ला फोन लावा आणि औषधाची बाटली सोबत न्या.

आणखी एक चूक फार महागात पडते. उदास माणसाला नैराश्याची गोळी सुरू होते आणि महिनाभरात तो झोपेनासा होतो, पैसे उधळतो, रात्री-बेरात्री फोन करून मोठमोठे धंदे सांगतो. मुळात आजार बायपोलर असताना नुसती नैराश्याची गोळी दिली तर असा उलटा चढाव येऊ शकतो. म्हणून जाणता डॉक्टर उदासीच्या पेशंटला हमखास विचारतो: याआधी कधी चार-आठ दिवस असे गेले का, की झोप कमी आणि अंगात जोर जास्त? डॉक्टरने विचारलं नाही तर तुम्ही सांगा. हे सांगणारा नातेवाईक सोबत असणं म्हणजे अर्धं निदान.

मुदतीकडेही लक्ष असतं. घरातला माणूस गेल्यावर आठ दिवस जेवण न जाणं हा आजार नाही. नैराश्याचं नाव द्यायला लक्षणं किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बराच वेळ असावी लागतात. पहिल्याच भेटीत डॉक्टर नाव सांगत नसेल, कागदावर प्रश्नचिन्ह टाकून काहीतरी लिहीत असेल, तर त्याला कळत नाही असं समजू नका. घाई न करणारा डॉक्टर आहे.

थोडक्यात मत सांगायचं तर: त्रास नवीन असेल, वाढत असेल, झोप-भूक-काम बिघडलं असेल तर पहिली भेट मनोविकारतज्ज्ञाची. नाव आणि दिशा ठरली की मग क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा समुपदेशक. नवरा-बायकोचे वाद, परीक्षेची भीती, नोकरी सुटल्याचा ताण अशा गोष्टींत मात्र समुपदेशकापासून सुरुवात केली तरी बिघडत नाही. फक्त चार-सहा भेटींत काहीच फरक नसेल आणि तो ‘अजून सेशन घ्या’ एवढंच म्हणत असेल, तर दुसरीकडे दाखवा. आपल्या पलीकडचं काय ते ओळखून पुढे पाठवतो, तोच चांगला समुपदेशक.

पोराची चाचणी: इथे खान्देशात नीट बघा

शाळेतून निरोप येतो, मुलगा मागे पडतोय, ‘आयक्यू काढून आणा’. हे काम क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं. बुद्ध्यांकासाठी बिने-कामत, मालिनची चाचणी, सामाजिक परिपक्वतेसाठी व्हाइनलँड ही नावं अहवालात दिसतील. नुसत्या बुद्ध्यांकावरून बौद्धिक अक्षमतेचं निदान होत नाही. मूल स्वतः जेवतं का, कपडे घालतं का, दुकानातून सामान आणतं का, हेही पालकांना विचारावंच लागतं. अहवालात हा भाग नसेल तर तो अर्धवट आहे.

आणि भाषा. घरी अहिराणी बोलणारं पोर ‘शाळा’ला ‘शाया’ म्हणतं, ‘डोळा’ला ‘डोया’. ‘ळ’चा ‘य’ होणं हा अहिराणीचा स्वभाव आहे, उच्चारदोष नाही. श्रुतलेखनात तेच पोर ‘शाया’ लिहितं आणि त्याला डिस्लेक्सियाचा, म्हणजे वाचन-लेखनातल्या अक्षमतेचा, शिक्का बसतो. मुलाला आंडोर आणि मुलीला आंडेर म्हणणाऱ्या लेकराला प्रमाण मराठीतले शब्दार्थ विचारले की गुण आपोआप घसरतात. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलांचं तर विचारूच नका, त्यांना मराठीच शाळेत येऊन भेटते.

यावर उपाय आहे. चाचणी सुरू होण्याआधी सांगा: “घरी आम्ही अहिराणी बोलतो.” सूचना पोराच्या बोलीत समजावून देता येतात का ते विचारा. शब्दांवर न चालणाऱ्या चाचण्याही असतात: रंगीत आकृत्यांमधली जागा भरायची रेव्हनची चाचणी, किंवा लाकडी पाटातल्या दहा खाचांमध्ये दहा आकार बसवायची सेग्विन फॉर्म बोर्ड. त्या घेतल्या का ते पाहा, आणि कोणत्या भाषेत चाचणी झाली हे अहवालात लिहून घ्या. पोर आदल्या रात्री जागलेलं, उपाशी किंवा तापात असेल तर तारीख पुढे ढकला. चष्मा आणि कान आधी तपासून घ्या. फळ्यावरचं न दिसणारं पोर ‘मंद’ ठरल्याची उदाहरणं कमी नाहीत.

कागद कोणाचा चालतो

अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी खासगी क्लिनिकचा अहवाल उपयोगी पडतो, पण तो स्वतः प्रमाणपत्र नसतो. स्वावलंबन पोर्टलवर यू.डी.आय.डी.साठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करायचा आणि दिलेल्या तारखेला नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात जायचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता हे सगळे प्रकार आहेत. बहुतेक सवलतींसाठी ४० टक्के ही रेषा.

मानसिक आजाराचं मोजमाप ‘आयडियाज’ या मापनावर होतं. त्यात चार गोष्टी बघतात: स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम. शिवाय आजार किती जुना आहे ते. तेव्हा ‘डोकं चालत नाही हो’ एवढं सांगून उपयोग नाही. ‘आठ-आठ दिवस अंघोळ नाही, वावरात कामाला लावलं की अर्ध्या तासात निघून येतो, घरी पाहुणे आले की कोठीत जाऊन बसतो’ असं सांगा. जुने केस पेपर फेकलेले असतील तर आजार किती जुना हे सिद्ध करताना दम निघतो.

कोर्टकचेरीत आणखी एक गफलत चालते. आजाराचं निदान झालं म्हणजे माणूस कायद्याने ‘अस्थिर मनाचा’ ठरला असं नाही, ते फक्त कोर्ट ठरवतं. २०१७ च्या कायद्यात हे स्पष्ट लिहिलंय, आणि हेही की एखादी व्यक्ती घराण्याच्या रीतीविरुद्ध वागते म्हणून तिला मानसिक आजारी ठरवता येत नाही. सुनेला स्वतः न तपासता, नुसत्या सासरच्यांच्या सांगण्यावरून कोणी ‘मनोरुग्ण’ असा दाखला देत असेल तर त्या कागदाला किंमत नाही.

जायचं कुठे, कसं

खान्देशात मनोरुग्णालय नाही. राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला. पण बहुतेक आजारांना त्यांची गरजही नसते. धुळे, जळगाव आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथे केस पेपर काढताना ‘मनोविकार ओपीडी’ म्हणा. नुसतं ‘डोक्याचं’ म्हटलं तर मेडिसिनच्या रांगेत उभे राहाल आणि दुपार होईल. निघण्याआधी फोन करून त्या दिवशी ओपीडी आहे का ते विचारा, कारण धडगावहून गाडीभाडं खर्चून आल्यावर ‘उद्या या’ ऐकणं परवडत नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ग्रामीण रुग्णालयांतही ठरलेल्या दिवशी येतं. तो दिवस गावच्या आशाताईंना विचारा.

टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मराठीतूनही. फोन आधी समुपदेशक घेतो आणि गरज पडली तर तज्ज्ञाकडे जोडून देतो. दाखला तिथून मिळत नाही.

सोबत काय न्यायचं? चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, बीपी-शुगरची आणि आयुर्वेदिक चूर्णंसुद्धा. जुने रिपोर्ट. आणि अर्ध्या पानावर लिहिलेला क्रम. असा:

‘पोळ्याच्या आसपास झोप कमी झाली. दिवाळीत कामावर जाणं बंद. डिसेंबरात शेजारी आपल्यावर पाळत ठेवतो म्हणायला लागला. जानेवारीत १५ दिवस गोळी घेतली, बरं वाटलं म्हणून बंद केली. मामाला असाच त्रास होता.’

या पाच ओळींनी डॉक्टरची वीस मिनिटं वाचतात, आणि गर्दीच्या ओपीडीत तुमच्या वाट्याला तेवढीच असतात. फिट किंवा झटके येत असतील तर मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा तीस सेकंदांचा व्हिडिओ डॉक्टरला जास्त सांगतो. पेशंटला पाच मिनिटं डॉक्टरसोबत एकटं बसू द्या. सगळं सासू किंवा भाऊच बोलतो आणि पेशंट मान खाली घालून बसतो, तिथे निदान हटकून चुकतं.

जीव द्यायची भाषा, मारहाण, दोन-तीन दिवस अन्नपाणी बंद, किंवा नुकत्याच बाळंत झालेल्या बाईचं एकदम बदललेलं वागणं, असं असेल तर तज्ज्ञाची वाट बघू नका. जवळच्या कुठल्याही नोंदणीकृत डॉक्टरला ७२ तासांपर्यंतचा तातडीचा उपचार सुरू करायची मुभा कायद्याने दिलेली आहे. साखळीने बांधून ठेवणं मात्र कुठेही, कोणत्याही कारणाने बेकायदा आहे. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं किंवा मिरचीची धुरी देणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. भगताचा अंगारा लावायचा तर लावा, पण गोळी चालू ठेवून.

गोळी सुरू झाल्यावर

नैराश्याच्या गोळीचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, डोकं जड होणं पहिल्याच आठवड्यात येतं. म्हणजे त्रास आधी आणि फायदा नंतर, आणि नेमकं याच फटीत लोक गोळी सोडतात. झोपेच्या गोळ्यांचं बरोबर उलट. अल्प्राझोलम, क्लोनाझेपाम पहिल्या रात्रीपासून काम करतात, म्हणून माणूस खरी गोळी सोडतो आणि ही धरून बसतो. पुढे त्यांची सवय लागते. चिठ्ठीवर त्या किती दिवसांसाठी आहेत ते डॉक्टरकडून लिहून घ्या, आणि बऱ्याच महिन्यांपासून चालू असतील तर एकदम तोडू नका, हळूहळू कमी करून घ्या. लिथियम, म्हणजे बायपोलरमध्ये देतात ती गोळी, चालू असेल तर तिचं रक्तातलं प्रमाण ठरल्या वेळी तपासावंच लागतं, आणि उन्हाळ्यात वावरात काम करणाऱ्याने पाणी-मीठ कमी पडू द्यायचं नाही. अंगातलं पाणी आटलं की लिथियम रक्तात चढतं. हात जोरात कापायला लागले, जुलाब-उलट्या झाल्या, चाल डगमगली तर पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

डॉक्टर बदलायचा असेल तर खुशाल बदला. आपल्या उपचाराच्या नोंदी मागायचा हक्क पेशंटला आहे. केस पेपरची झेरॉक्स काढा, मोबाइलवर फोटो घ्या आणि ती फाइल घरातल्या दोन माणसांना माहीत असेल अशा जागी ठेवा.